रस्त्याकडचा अर्धा पट्टा

वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पलूसजवळच्या आमच्या रानात मी गुडघ्यावर बसून एका सोयाबीनच्या झाडाशी भांडले होते, हे मी विद्यार्थ्यांना कधी सांगत नाही. झाडाचा काहीच दोष नव्हता. दोष माझ्या सासऱ्यांचा होता, आणि ते त्या वेळी बांधावर उभे राहून आभाळात काहीतरी फार महत्त्वाचं असल्यासारखे वर बघत होते.

मी सांगलीला, विश्रामबागेतल्या एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवते. बरीच वर्षं दुसऱ्यांच्या मुलांना पास केल्यावर आपणही एकदा विद्यार्थी व्हावं असं मला वाटलं, आणि पीएच.डी.चं खूळ डोक्यात घेतलं. विषय असा की, पिकांच्या मुळांभोवतीच्या मातीत हवेतला नत्र धरणारे जिवाणू किती प्रकारचे असतात. पिकाला वाढायला नत्र लागतो. हवेत तो भरपूर आहे, पण झाडाला तो तसा घेता येत नाही. मातीतल्या काही जिवाणूंना मात्र घेता येतो. त्यातले काही शेंगांच्या पिकांच्या मुळांवर गाठी करून त्यात बिऱ्हाड थाटतात, काही मातीत मोकळे राहतात, काही तर उसाच्या आतही सापडतात. आपण पायाखाली तुडवतो त्या ढेकळात एवढी मोठी वस्ती आहे, हे मला अजूनही दरवेळी नव्यानं आवडतं.

मातीचे नमुने मी तीन ठिकाणांहून घ्यायचे ठरवले. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, कोरेगावच्या बाजूला. तिथं भावाच्या रानातला घेवडा. दुसरं, कवठे महांकाळकडच्या कोरडवाहू रानातली मटकी. आणि तिसरं आमचं पलूसचं काळं, पाण्याखालचं रान, त्यात सोयाबीन. या सोयाबीनच्या एका पट्ट्यात दोन वर्षं युरियाचा दाणासुद्धा पडू द्यायचा नाही, अशी माझी अट होती. नत्र बाहेरून आयता मिळाला की मातीतल्या या मंडळींचं वागणं बदलतं, आणि मला ती न बदललेली बघायची होती.

घरच्यांनी सहकार्य केलं, म्हणजे त्यांना समजलं तसं केलं. पहिल्याच वर्षी मी मुळांसकट उपटलेली दहा झाडं मागच्या ओट्यावर ठेवून फोन घ्यायला आत गेले. परत आले तर सासूबाईंनी, ज्यांना मी आत्या म्हणते, ती सगळी नळाखाली धरून मेथीच्या जुड्यांसारखी स्वच्छ धुऊन ओळीनं मांडली होती. "किती माती लागली हुती बाई," त्या म्हणाल्या. मला हवी होती ती नेमकी तीच माती, मुळाला चिकटलेली. मी कपाळावर हात मारला. त्यांना वाटलं ऊन लागलं, म्हणून त्यांनी मला कोकम सरबत करून दिलं.

सासरे, म्हणजे आमचे मामा, फौजेतून सुभेदार होऊन परत आलेले. त्यांचं सगळं जिथल्या तिथं. खुरपं भिंतीवरच्या खिळ्याला, वैरण एका मापाची, चहा सहा वाजता. आणि रोजची वही. कुठल्या सरीला पाणी दिलं, वारा कुठला, कोण येऊन गेलं, म्हैस कशानं बुजली, सगळं त्यात वेळेसकट लिहायचं. ही वही कोण वाचणार, असं मी एकदा चेष्टेनं विचारलं. "इन्स्पेक्शन कवाबी हुतं," ते म्हणाले. त्यांना निवृत्त होऊन तेव्हा पंधरा वर्षं झाली होती.

कवठे महांकाळला मला त्यांनीच मोटारसायकलवरून नेलं. तिथल्या मटकीच्या रानाची मालकीण एक म्हातारी होती. घराणं पिढ्यान्पिढ्या मेंढरांमागं फिरलेलं, आता बारमाही तिथंच राहून शेती करणारं. त्यांच्या रानात सुगी झाली की मेंढरं बसवायची, तेवढंच खत. मी पिशवीत माती भरताना ती कमरेवर हात ठेवून बघत होती.

"माती न्यायला सांगलीवरनं आलीस व्हय?" ती म्हणाली. "तिकडं माती संपली काय?"

"तुमच्या मातीत काय काय राहतंय ते बघायचंय, आजी."

"बग की. आन् बगून झालं की परत आणून टाक."

मला ती गंमत वाटली, पण तिचा चेहरा गमतीचा नव्हता. नंतर काम झाल्यावर उरलेली माती मी खरोखर परत नेऊन टाकली, तेव्हा तिनं ती पिशवी हातानं जोखून बघितली आणि मगच मला भाकरी वाढली. पण तो पहिला दिवस मला मामांमुळं लक्षात आहे. मी मटकीचं झाड उपटून मुळावरची एक गाठ नखानं चिरली आणि त्यांना आतला गुलाबी रंग दाखवला. "आतनं अशी असली म्हणजे गाठ कामावर आहे," मी म्हणाले. "पांढरी असली तर नुसती बसून आहे." ड्यूटीवरचा आणि रजेवरचा जवान हा फरक त्यांना चटकन कळला. परतताना त्यांनी वाटेत तीन ठिकाणी गाडी थांबवून लोकांच्या बांधावरचे हुलगे उपटून बघितले. मला लाज वाटत होती आणि बरंही वाटत होतं.

आता त्या खरिपाचं सांगते. मी मुदतवाढ दोनदा घेतलेली होती आणि तिसरी मिळणार नाही असं विद्यापीठानं स्पष्ट कळवलं होतं. माझं बाकी सगळं काम झालं होतं. राहिले होते ते आमच्या पट्ट्यातल्या, ऐन फुलोऱ्यातल्या सोयाबीनच्या मुळांचे शेवटचे नमुने. ते हुकले तर पुढचा फुलोरा पुढच्या पावसाळ्यात, आणि तोपर्यंत माझी नोंदणी रद्द. सहा वर्षांचं काम कपाटात. हे घरातल्या प्रत्येकाला पाठ होतं, कारण महिनाभर मी दुसरं काही बोलतच नव्हते.

पण त्या पट्ट्याला एक खोड होती. तो रस्त्याला लागून होता. आमच्या भागात रस्त्याकडचं रान म्हणजे घराचं तोंड. आत मागं पीक कसंही असो, रस्त्याकडच्या चार सऱ्या काळ्याभोर हिरव्या दिसल्या पाहिजेत. खत विस्कटताना त्या सऱ्यांना प्रत्येकाच्या हातून एक मूठ जास्त पडतेच, कुणी कबूल करो न करो. लोक मोटारसायकल हळू करून एकमेकांची रानं बघतात आणि चहाच्या गाड्यावर निकाल सांगतात. त्यात आमचा पट्टा दोन्ही बाजूंच्या रानांपुढं फिका होता. आजारी नव्हता. पोपटी होता. मला तो फार देखणा वाटायचा, पण तशी वाटणारी मी त्या रस्त्यावर एकटीच होते.

फुलं दिसायला लागल्याचा फोन मामांचा आला, आणि मी रविवारी सकाळी नमुन्याच्या पिशव्या घेऊन पलूसला पोचले. लांबूनच पट्टा दिसला. हिरवागार. क्षणभर मी खूश झाले. दुसऱ्या क्षणी जागीच थांबले, कारण एवढा हिरवा रंग मी त्याला दिलाच नव्हता.

मी चपला काढून आत गेले आणि एक झाड उपटलं. गाठी मोजक्या, बारक्या. एक चिरली, हिरवट पांढरी. दुसरं झाड उपटलं, तेच. झाडाला युरिया मिळाला होता, आणि आयतं जेवण दारात आल्यावर चूल कोण पेटवतो? त्याच झाडाशी मी भांडले. मग वळून बघितलं, तर मामा बांधावर उभे, डोळे आभाळात.

"मामा, युरिया टाकला?"

"कवा?"

"कवा ते तुमी सांगा मला!"

त्यांनी नजर खाली आणली. "टाकला जरा," म्हणाले. "रान पिवळं दिसत हुतं."

मला राग लवकर येतो, आणि आला की तो कुणाचा मान ठेवत नाही. मी भर रानात, सासऱ्यांसमोर, दोन्ही हातांत उपटलेलं सोयाबीन धरून ओरडले. दोन वर्षं जपलेलं तुम्ही एका सकाळी घालवलंत, म्हणाले. माझी नोंदणी जाणार, म्हणाले. आणि शेवटी जे म्हणायला नको होतं तेही म्हणाले, "तुमचा रस्ता आणि तुमचं नाक! माझ्या कामाची किंमत तेवढीच."

त्यांनी मान हलवली. "व्हय. चुकलं," एवढंच म्हणाले आणि पाण्याच्या मोटारीच्या खोलीकडं चालत गेले. मिलिटरीतला माणूस आहे, उलटून चार शब्द ऐकवील अशी माझी तयारी होती. ते सरळ निघून गेले, त्यामुळं माझा राग कुठं ठेवावा तेच मला कळेना.

घरी येऊन मी पडवीत बसले. आत्यांनी पोहे पुढं ठेवले, मी हात लावला नाही. त्या समोर बसल्या आणि पदराशी चाळा करत म्हणाल्या, "समद्या रानात न्हाई टाकला त्यांनी. पोतं अर्धं तसंच माघारी आणलं हुतं. म्याच ठेवलंय की शेडात."

तेवढ्यात मामा आले. हातात वही. त्यांनी ती उघडून माझ्यापुढं धरली आणि स्वतः ताठ उभे राहिले. इन्स्पेक्शन झालं होतं एकदाचं. त्यांचं अक्षर ठळक, एकेक सुटं. पान तीन आठवड्यांमागचं. मंगळवार, सकाळी सव्वाआठ. सोयाबीन पट्टा. युरिया अर्धं पोतं. रस्त्यावरून दिसते तिथपर्यंत. त्यापलीकडे टाकला नाही, सूनबाईचे काम आहे. वारा पश्चिमेचा. दुपारी भुरभुर पाऊस.

मी ते तीनदा वाचलं.

"मागचं ठेवलंय व्हय तुमी?"

"तर! मागलं तुला, म्होरलं रस्त्याला," ते म्हणाले. "अर्ध्यात भागंल तुझं, असं वाटलं मला."

आमचं रान मधोमध थोडं फुगलेलं आहे. रस्त्यापासून हळूहळू चढत जातं आणि मग पलीकडं ओढ्याकडं उतरतं. पलीकडचा उतार रस्त्यावरून दिसत नाही. म्हणजे तिकडचं सोयाबीन अजून जसंच्या तसं होतं, आणि पाऊस पडला तरी अलीकडचं पाणी रस्त्याकडं येणार, पलीकडं नाही. माझं डोकं भराभर चालायला लागलं. एकच रान, एकच बी, पेरणी एकाच दिवसाची, आणि मधे फरक फक्त अर्ध्या पोत्याचा, तोही वार आणि वेळेसकट लिहून ठेवलेला. ठरवून मांडायला गेले असते तर इतकं नीट जमलं नसतं. मी पोह्यांची ताटली ओढली आणि खाता खाता विचारलं, "पण नेमका कुठपर्यंत टाकला?"

"रस्त्यावरनं दिसतंय तिथपातूर."

"कुणाला दिसतंय? चालणाऱ्याला का गाडीवाल्याला?"

मामांनी माझ्याकडं जरा कीव केल्यासारखं बघितलं. "ट्रॅक्टरवाल्याला," ते म्हणाले. "त्यो सगळ्यात उंच बसतोय. त्येच्या नजरंला यायला नको का?"

मग आम्ही हद्द शोधली. मामांनी ट्रॅक्टर रस्त्यावर आणून उभा केला आणि मला वर बसवलं. ते स्वतः हातात लाल टॉवेल घेऊन पट्ट्यात शिरले आणि टॉवेल गुडघ्याएवढ्या उंचीवर, सोयाबीनच्या शेंड्याला धरून एकेक सरी मागं सरकायला लागले. मी वरून ओरडत होते, "दिसतोय! दिसतोय! अजून दिसतोय!" आत्या खाली रस्त्यावर उभ्या राहून, कुणी विचारलं नसताना, "मला न्हाई दिसत!" असं ओरडत होत्या. दोन मोटारसायकली थांबल्या. एकानं विचारलं, "मामी, काय हरवलंय काय?" आत्या म्हणाल्या, "युरिया शोधतोय." तो पुढं काही न विचारता निघून गेला.

फुगवट्याच्या जरा पलीकडं टॉवेल दिसेनासा झाला. तिथं मामांनी चिंधी बांधलेली काठी रोवली. मी काठीच्या दोन्ही बाजूंच्या दहा दहा सऱ्या सोडून दिल्या, उगाच इकडचं तिकडं नको. मग पलीकडच्या उतारावरचं पहिलं झाड मामांनी स्वतः, चारी बाजूंनी खुरपून, ढेकळासकट उचललं. माती अलगद झटकली. मुळं गाठींनी लगडलेली होती. त्यांनी एक गाठ अंगठ्याच्या नखानं चिरली आणि हात माझ्यापुढं केला. आत लालसर गुलाबी.

"ड्यूटीवर हाय," ते म्हणाले.

दुपारपर्यंत आम्ही दोन्ही भागांतले नमुने भरले. आत्या पिशव्यांवर पहारा करत होत्या आणि जवळ येईल त्याला सांगत होत्या, "मुळाला पाणी लावू नगा, ती मातीच लागती तिला." मी हसले, आणि मामांकडं बघितलं. ते हसत नव्हते. सकाळचं माझं बोलणं अजून आमच्या दोघांच्या मधे उभं होतं. माफी मागावी असं मनात आलं, पण मग वाटलं, चूक त्यांची होती, मी का मागू? माझा स्वभाव असा आहे. मी पिशव्या उचलल्या आणि सांगली गाठली.

पुढचे महिने प्रयोगशाळेत गेले. यातल्या एका कामाचं मला अजून कौतुक वाटतं. जिवाणूंसाठी काचेच्या बशीत खाणं तयार करायचं, त्यात साखर, क्षार सगळं घालायचं, फक्त नत्र घालायचा नाही. मग त्यावर माती मिसळलेल्या पाण्याचा थेंब सोडायचा. ज्याला हवेतून नत्र घेता येतो त्याचंच खरं तिथं निभतं, बाकीचे उपाशी. चार दिवसांनी बशीत ठिपके उमटतात. काही पाणीदार, काही चिकट, काही जुने होता होता तपकिरी पडणारे. गाठींमधल्या जिवाणूंसाठी लाल रंगाची वेगळी बशी, त्यावर ते लाल होत नाहीत, पांढरेच राहतात. उताराकडच्या मातीच्या बशा मी उजेडात धरल्या, तेव्हा एका बशीत इतक्या तऱ्हा होत्या की मी शेजारच्या प्रयोगशाळेतल्या बाईंना हाताला धरून दाखवायला आणलं. रस्त्याकडच्या मातीत ठिपके होते, पण बरेचसे एकाच तोंडवळ्याचे. एका मंगळवारच्या सकाळनं एवढा फरक पडला होता. प्रबंधात त्यावर मी एक वेगळं प्रकरण लिहिलं. युरिया अर्ध्याच भागात का, याचं कारण लिहिलं, "स्थानिक पद्धतीनुसार." इतकं सभ्य वाक्य मी आयुष्यात लिहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मामा आले. फौजेतला कोट, इस्त्रीची कडक घडी, तिसऱ्या रांगेत कडेची खुर्ची. शेजारी आत्या नव्या साडीत, मांडीवर पेढ्यांचा खोका, निकालाच्या आधीच आणलेला. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, हळू बोलणारे. त्यांनी घेवड्याचं विचारलं, मटकीचं विचारलं, मी नीट उत्तरं दिली. मग त्यांनी चष्मा काढला.

"हे शेवटचं प्रकरण," ते म्हणाले. "तुमच्या मूळ आराखड्यात ते कुठंच नाही. तरी मला सगळ्यात चांगलं तेच वाटलं. पण ही स्थानिक पद्धत म्हणजे नक्की काय? युरिया कुणी टाकला, आणि अर्ध्यातच का?"

मी तोंड उघडलं. तेवढ्यात मागं खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी टाकला, साहेब."

मामा उभे होते, हात बाजूला, हनुवटी वर. सगळं सभागृह वळलं. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. परीक्षक मात्र हसले. "अरे वा. बोला. अर्ध्यातच का टाकला?"

"मागलं हिच्या कामाचं हुतं, साहेब. त्येला हात लावायचा न्हवता."

"मग पुढचं?"

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. "म्होरलं लोकास्नी दिसत हुतं. येता-जाता लोकं हिला नावं ठेवायची. मास्तरीण सुनंनं सासऱ्याचं रान खाल्लं, म्हणायची. चाळीशी उलटली आन् आता शिकाय निघालीया, म्हणायची. लोकं मला म्हणाली असती तर म्या दोन वर्षं काय, धा वर्षं पिवळं ठिवलं असतं." त्यांचा आवाज खाली आला. "हिला म्हणत हुती. ते मला सोसलं न्हाई."

मी टेबलावरच्या ग्लासकडं बघत राहिले. तुमचा रस्ता आणि तुमचं नाक, असं मी त्यांना भर रानात म्हणाले होते, आणि त्यांनी नुसती मान हलवून "व्हय" म्हटलं होतं. लोक माझ्याबद्दल काय बोलतात ते माझ्या कानावर जाऊ नये म्हणून त्यांनी तो सगळा दोष, माझ्या आरड्याओरड्यासकट, स्वतःच्या अंगावर घेतला होता. मला रडू आलं, आणि मी ते लपवायला गेले नाही.

परीक्षकांनी मला पुढचा प्रश्न विचारला. मला तो ऐकू आला नाही.

"सर, एक मिनिट," मी म्हणाले आणि पाणी प्यायले. मामा अजून तसेच उभे होते. बसा असं त्यांना सांगायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

"मामा," मी म्हणाले, "माझं चुकलं त्या दिवशी. बसा आता."

तेव्हा कुठं ते बसले.